त्या 'उद्या'त सगळा प्रवेश आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटू नये इतपत बदलून:

पूर्व विदर्भातल्या एका खेड्यातला २६ वर्षांचा तरुण. वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत (झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातली, रात्रभर चालणाऱ्या नाटकांची रंगभूमी) त्याचा हा तिसरा सीझन. आजवर छोटी, बहुतेक विनोदी कामं केली. यंदा पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली आहे, कर्जात बुडालेल्या धानाच्या कास्तकाराची. तिसऱ्या अंकात या कास्तकाराचं आठ-दहा मिनिटांचं स्वगत आहे आणि त्याच्या शेवटी तो प्रेक्षकांसमोर गळफास घेतो. चार वर्षांपूर्वी या तरुणाच्या वडिलांनी घरच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जीव दिला होता. पहाटे कोठ्यात सगळ्यांत आधी हाच गेला होता. दिग्दर्शकांना हे ठाऊक आहे. "तुझ्याकडे खरं दुःख आहे, दुसऱ्या नटाला ते शंभर जन्मांत मिळणार नाही, ते बाहेर काढ," असं ते म्हणाले. पहिल्या तालमीत त्यानं ती पहाट आठवून स्वगत केलं. सगळे रडले, ऑर्गनवाल्याचे हात थांबले. चौथ्या तालमीपर्यंत रडू येईनासं झालं आणि दिग्दर्शक चिडले. आता तो रोज पहाटे चारला दचकून उठतो, पुन्हा झोप येत नाही. दिवाळीनंतर पन्नासेक प्रयोग ठरले आहेत, त्यांत त्याच्या स्वतःच्या गावच्या मंडईतला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतला, एक आहे. मायला अजून काही सांगितलेलं नाही. तो विचारतो, "ताई, भूमिका सोडली तर मी भेकड ठरेन काय? आणि केली, तर रोज ते रडू आणू कुठून? मला असंही वाटते, की हा प्रवेश नीट जमला तर त्या रात्री बाबांच्या मनात काय होतं ते मला कळेल."

भाऊ,

तू मला ताई म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहिते. नाटकाबद्दल मागून बोलू. आधी तुझ्या पहाटे चारबद्दल.

चार वर्षांपूर्वी ज्या वेळी तू कोठ्यात गेलास, त्याच सुमारास आता रोज तुला जाग येते आहे. हे तालमीनं उकरून काढलेलं आहे आणि त्यावर औषधपाणी, बोलणं, मदत, सगळं असतं. तुला सरळ विचारते: स्वतःला संपवावं असे विचार मनात येतात का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातल्या माणसानं असा जीव दिलेला असला, की मागे राहिलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून विचारलं. उत्तर 'हो' असेल, 'कधीकधी' असेल, तरी आजच १४४१६ या नंबरवर फोन लाव. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही कुणीतरी फोन उचलतं. उत्तर 'नाही' असेल, तरी झोपेसाठी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांना एकदा दाखव. नटाचा गळा बसला तर तो लाज न वाटता डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

आता दिग्दर्शकांचं वाक्य. ते वाईट मनानं बोलले असतील असं मला वाटत नाही. तुझ्या दुःखाला आपण मान देतोय असंच त्यांना वाटत असेल. पण त्या वाक्याखाली एक समजूत दडलेली आहे आणि ती तूही न तपासता उचललीस: नट जितका खरा तळमळेल, तितका प्रवेश खरा होईल.

ही समजूत कुठून आली ते बघ. रशियातले नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी नटाच्या भावनिक स्मृतीवर खूप काम केलं. स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागवायची आणि तिच्यातून भूमिकेची भावना मिळवायची. अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग यांनी हीच गोष्ट आपल्या शिकवण्याच्या मध्यभागी ठेवली. पण १९३४ मध्ये स्टेला अ‍ॅडलर ही नटी पॅरिसमध्ये स्तानिस्लावस्कींना स्वतः भेटली, काही आठवडे त्यांच्यासोबत काम केलं आणि परत येऊन तिनं सहकाऱ्यांना सांगितलं, की ते आता स्मृतीवर भर देत नाहीत, पात्राची परिस्थिती, त्याची कृती आणि नटाची कल्पना यांवर देतात. ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं, तेच पुढे सरकले होते. आणि स्ट्रासबर्ग? आठवण वापरायची तर ती किमान सात वर्षं जुनी असावी, असं ते स्वतः सांगत. तुझ्या बाबांना जाऊन चार वर्षं झाली. या वाटेचा सगळ्यांत कट्टर गुरूही तुला थांब म्हणाला असता.

चौथ्या तालमीत रडू का आलं नाही, हे तू स्वतःचा दोष असल्यासारखं लिहिलंस. तो दोष नाही. आठवण पुन्हापुन्हा एकाच जागी उगाळली की ती बोथट होते, मनच तिला बोथट करतं. मग नट आणखी खोल खणतो, दुसरा तपशील शोधतो, तोही चार दिवसांत संपतो. पन्नास प्रयोगांना पुरेल इतकं दुःख कुणाकडेच नसतं, आणि असू नये.

यात एक नुकसान असं आहे, जे मी कधी छापून सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांची असताना मी एका नाटकात भाऊ गमावलेल्या मुलीचं काम करत होते. माझा धाकटा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी तापानं गेला होता. मी त्याची शेवटची रात्र रोज वापरली. कौतुक झालं, बक्षीसही मिळालं. पण आज त्याचा चेहरा आठवायला गेले, की आधी रंगमंचावरचा निळा प्रकाश दिसतो आणि माझाच तो हुंदका ऐकू येतो. खरी रात्र त्याच्या मागे गेली, ती काही मला परत सापडत नाही. आठवण बाहेर काढताना थोडी बदलू शकते आणि बदललेलीच परत ठेवली जाते. तुझ्याकडे बाबांची जी काही आठवण आहे, ती तुझी आणि तुझ्या मायची आहे. नाटकाचं तिच्यावर काही देणं नाही.

आपल्याकडचे जुने लोक याबद्दल फार स्पष्ट होते. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणांपैकी, फक्त एक सांगितला. बाकीचे सात बघ: स्तंभ, म्हणजे जागीच थिजणं. घाम. रोमांच. आवाज फुटणं. कंप. चेहऱ्याचा रंग उडणं. भान हरपणं. दिग्दर्शक तुझ्याकडे आठांतला एकच मागत बसले आहेत. तुझा कास्तकार थिजला, बोलता बोलता त्याचा आवाज मधेच तुटला, तर डोळ्यांत थेंब नसला तरी चालेल. पुढे त्याच ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं रसाच्या, म्हणजे नाटकाच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं मोजली, त्यांत एक असं, की माणूस स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. तो हे प्रेक्षकाबद्दल सांगतो. मला ते नटालाही तितकंच लागू वाटतं. तू कोठ्यात अडकलास, तर समोर गोणपाटावर बसलेल्या माणसाला तू दिसशील, त्याला त्याचं स्वतःचं काही दिसणार नाही. पहिल्या तालमीत सगळे रडले ते तुझ्यासाठी रडले, कारण त्यांना तुझी हकीकत ठाऊक आहे. दूरच्या गावातल्या प्रेक्षकाला ती ठाऊक नसेल.

मग असा प्रवेश उभा कसा करायचा? इथे जरा जास्त वेळ घेते, कारण असे प्रवेश करणारे तुझ्यासारखे बरेच आहेत, आणि कॉलेजच्या एकांकिकांतली मुलंमुलीही मला हेच विचारतात.

भावना करता येत नाही. कृती करता येते. 'दुःखी हो' हे कुणाच्याच हातात नाही, पण 'बायकोपासून ही गोष्ट लपव' हे हातात आहे. मनाच्या कडेलोटावर उभ्या असलेल्या पात्राचा प्रवेश आला, की स्वतःला तीन गोष्टी विचार. या क्षणी मला समोरच्याकडून काय हवं आहे? ते मिळवायला मी काय करतोय? आणि माझे हात कशात गुंतले आहेत? हातांचा प्रश्न नट सगळ्यांत शेवटी विचारतात, मी तो सगळ्यांत आधी विचारायला लावते.

तुझ्या नाटकाची संहिता मी पाहिलेली नाही. पण समज, स्वगताच्या आधी एवढंच असतं. रात्र. तो कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीतून परत आला आहे, ओट्यावर बसून काडीनं पायाचा वाळलेला चिखल खरवडतो आहे.

ती : काय म्हनलं सोसायटीवाल्यानं?
तो : काही नाही. पान्याचं लक्षन दिसते.
ती : जेवाले वाढू?
तो : वाढ. पोरगी झोपली काय?
ती : आत्ताच झोपली. वहीसाठी रडत होती.
तो : उद्या आनतो.

एवढंच. यात कर्ज हा शब्दही नाही. पण 'उद्या' म्हणताना काडी थांबते, आणि मग तो पुन्हा खरवडायला लागतो, आता जिथे चिखल उरलेलाच नाही तिथे. त्या 'उद्या'त सगळा प्रवेश आहे. तिला ते कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. रडण्याचं काम प्रेक्षकाकडे गेलं. तुला रडायची गरजच उरली नाही, तुला फक्त ती काडी नीट चालवायची आहे. आणि हे पन्नास वेळा करता येतं, कारण पायाचा चिखल रोज नव्यानं लावता येतो.

हा शांतपणा आपल्या रंगभूमीवर चालेल का, असं तू विचारशील. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो, पहाटेपर्यंत नाटक चालतं, मधे गाणी, लावणी, विनोद, मुलं झोपलेली, कुणी चहाला उठलेलं. तिथे मोठ्यानं बोलायची सवय असते, ती गरजेचीही आहे. पण याच प्रेक्षकाला मी थंडीत घोंगडी ओढून, श्वास रोखून बसलेलं पाहिलं आहे. तयारी मात्र लागते. ऑर्गनवाल्याला आधी सांग, की या सहा ओळींत एकही सूर नको. वर टांगलेल्या माइकच्या बरोबर खाली बस. आणि याच्या आधीचा प्रवेश विनोदी असेल, तर हसू पूर्ण विझल्याशिवाय पहिली ओळ टाकू नकोस.

आता गळफासाचं. इथे मी पर्याय तोलत बसणार नाही. तो रंगमंचावर दाखवू नये.

पहिलं कारण तुझा जीव. गळ्याभोवती दोर, मग गाठ खोटी असो, सुटणारी असो, पाट खाली असो, कधीही घालायचा नाही. पाय सरकतो, अंधारात गाठ अडकते, मदतीला येणाऱ्याला तो अभिनयच वाटतो. दुसरं कारण समोर बसलेली माणसं. आपल्या भागातल्या मंडईत, ज्यांच्या घरी हे घडलं आहे असं एकही घर नसेल, असं तू छातीठोक सांगू शकतोस का? शिवाय त्या गर्दीत कुणी असा असेल, जो आज रात्री स्वतःच कडेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये चित्रपट आणि नाटकवाल्यांसाठीच एक मार्गदर्शिका काढली. आत्महत्येची कृती आणि पद्धत दाखवू नका, ती एकाच कारणानं झाली असं भासवू नका, आणि संकटातून सावरणारं, मदत मागणारं पात्रही दाखवा, असं तिचं सांगणं आहे. आपल्या परंपरेला हे नवं नाही. प्रत्यक्ष मरण अंकात दाखवू नये, ते सूचित करावं, हा नाट्यशास्त्राचाच संकेत आहे.

आणि नाटक म्हणूनही ते कमजोरच असतं. लोंबणारा माणूस दिसला की प्रेक्षक दचकतो आणि मग 'हे केलं कसं' हे बघायला लागतो. त्यापेक्षा ओट्यावर फक्त ती काडी पडलेली, ताट वाढलेलं, आणि आतून बायको दोनदा हाक मारते. दुसऱ्या हाकेला उत्तर येत नाही, अंधार. पुढचा अंक तिचा असू दे. तुडतुड्यानं धान गेलं, सोसायटीचं थकलं, सावकार दारात आला, हे सगळं झालंच. पण त्यानंतर रोवण्याला तीच उतरते, सात-बाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे तीच खेटे घालते. हे तू घरात पाहिलं आहेस. त्याचं नाटक फार कमी वेळा होतं.

दिग्दर्शकांकडे जाताना 'मला हे जमणार नाही' असं म्हणत जाऊ नकोस. त्यांच्याही गळ्याशी आहे, मंडळांकडून तारखा घेतल्या आहेत, जाहिराती छापायला गेल्या असतील. 'मी एकदा दुसऱ्या पद्धतीनं करून दाखवतो, पाच मिनिटं बघा' असं म्हण. बायकोचं काम करणाऱ्या बाईंना सोबत घे, दोघं मिळून आधी दोन-तीन दिवस घोटून ठेवा. दिग्दर्शक वाद घालताना हरत नाहीत, पण जमलेला प्रवेश समोर दिसला की बहुतेक वेळा विरघळतात.

ते मानलेच नाहीत तर? मग भूमिका सोड. सोडण्यात भेकडपणा दिसतो, हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यांत न पटलेलं वाक्य. मधला मार्गही आहे, त्याच नाटकात दुसरं काम माग, शेजाऱ्याचं, सासऱ्याचं. तुझ्या जागी दुसरा नट येईल आणि तोही हा प्रवेश करेल, कारण नटाला पात्राचं दुःख भोगलेलं असावं लागत नाही. 'मग मला पुन्हा मोठं काम मिळणार नाही' ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कंपन्या रुसतात, एखादा सीझन वाया जातो. पण झाडीपट्टीच्या ज्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या मागे शेकडो भूमिका आणि हजारो प्रयोग आहेत. इतकं लांब चालायचं तर शरीर आणि मन टिकवावं लागतं. तू २६ वर्षांचा आहेस.

समज, तुझ्या अटींवर भूमिका राहिली. तरी रोज तिच्यातून बाहेर येण्याची एक ठरलेली वाट हवी. नाटक सुरू करताना आपण नारळ फोडतो, नांदी म्हणतो, रंगमंचाला हात लावून कपाळी लावतो. बाहेर पडताना काहीच करत नाही, तोंड पुसून गाडीत बसतो. तू असं कर: तिसरा अंक संपला की कास्तकाराचं धोतर आणि बंडी ताबडतोब काढ, त्याच कपड्यांत विंगेत बसून राहू नकोस. थंड पाण्यानं हातपाय धू. कंपनीतल्या एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेव, त्यानं तुला तुझ्या खऱ्या नावानं हाक मारायची आणि नाटकाबाहेरचं काहीतरी विचारायचं, जेवलास का, मायचा फोन आला का. मग गरम काहीतरी खा. आणि दारूला हात लावायचा नाही, निदान हा सीझनभर तरी. प्रयोगानंतर झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहाटे चारलाच उठवते.

आता माय. तिला सांग, आणि मंडईच्या आदल्या दिवशी सांगू नकोस. ही परवानगी मागण्याची गोष्ट नाही. सांगितलं नाहीस, तर ती पहाट तिला आख्ख्या गावासमोर, भोंग्याच्या आवाजात, पोराच्या तोंडून पुन्हा भेटेल, आणि लोक नाटक सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहतील. साध्या संध्याकाळी, ती काही निवडत-टिपत असताना, शेजारी बस आणि सांग. ती 'नको' म्हणाली तर गावचा तो एक प्रयोग दुसऱ्या नटानं करावा किंवा कंपनीनं त्या रात्री दुसरं नाटक लावावं, हे दिग्दर्शकांकडून आधीच कबूल करून घे. ती 'कर' म्हणाली तरी तिनं पहिल्या रांगेत बसायलाच हवं असं नाही.

शेवटी तुझं ते वाक्य, जे तू पत्राच्या तळाशी, जवळजवळ जाता जाता लिहिलंस. हा प्रवेश जमला तर बाबांच्या मनात काय होतं ते कळेल.

नाही कळणार रे. त्या कास्तकाराचं मन कुण्या लेखकानं टेबलाशी बसून रचलेलं आहे. तू त्यात कितीही खोल उतरलास तरी तळाशी तुला तो लेखकच भेटेल, बाबा नाही. त्या रात्री त्यांच्या मनात काय होतं, हे त्यांच्यासोबत गेलं. मागे राहिलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न असतो, आणि 'मी आदल्या दिवशी असं केलं असतं तर' हेही त्याच्याच पोटातून निघतं. तू ते लिहिलं नाहीस, पण मला पत्रात ते ऐकू आलं. हे कुणाशी तरी बोल, डॉक्टरांशी, मायशी, १४४१६ वरच्या माणसाशी. प्रेक्षकांशी नको.

आणि पत्राच्या सुरुवातीलाच तू लिहिलं आहेस, की तू आठ वर्षांचा असताना बाबांनी तुला पहिलं नाटक दाखवलं. बैलबंडीत तणस टाकून, घोंगडीत गुंडाळून नेलं, आणि तू दुसऱ्या अंकात झोपलास तेव्हा उठवून म्हणाले, 'आता गानं हाय, ऐक.' मायला विचार, त्या रात्री घरी आल्यावर ते काय बोलले होते. तिला आठवत असेल.

पुढच्या तालमीत दिग्दर्शक काय म्हणाले ते मला कळव. ते नाही म्हणाले असतील, तरी कळव.

तुझी,
ताई